छत्तीस अवस्वरांची वाट

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते त्यातील मराठी भाषेच्या स्तुतीमुळे. मराठी भाषा दिनाच्या सुमारास ती स्तुती कोणत्या ना कोणत्या व्यासपीठावरून म्हटली जाते, इंग्लंडमधून आलेल्या एका येशूसंघीय धर्मगुरूने आपल्या भाषेचा केवढा गौरव केला म्हणून आपण सुखावतो, आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. हा गौरव पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरात, म्हणजे अध्यायात, आलेला आहे. तेथे न थांबता जो वाचक चिकाटीने पुढे जाईल त्याला एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहणार नाही. ग्रंथ ख्रिस्ताचा, परंतु ख्रिस्तजन्माची कथा काही केल्या येत नाही. उत्पत्ती येते, देवदूतांचे पतन येते, आदाम-एवा येतात, जलप्रलय येतो, आब्राहाम, मोशे, दावीद, संदेष्टे येतात आणि जातात. पुराणिक सांगतोच आहे आणि बेथलेहेम अजून दूरच आहे.

ग्रंथाचे एकंदर अवस्वर ९५. त्यांपैकी ३६ अवस्वर आणि ४,२९६ ओव्या पहिल्या पुराणाच्या वाट्याला गेल्या आहेत. उरलेले ५९ अवस्वर आणि ६,६६६ ओव्या दुसऱ्या पुराणाच्या. म्हणजे शंभरातील जवळजवळ चाळीस ओव्या ख्रिस्तापूर्वीच्या काळाच्या! एखाद्या कीर्तनकाराने पूर्वरंगातच अर्धी रात्र घालवावी तसा हा प्रकार दिसतो. तथापि १६१६ साली रायतूर येथे हा ग्रंथ प्रथम छापला गेला तेव्हा त्याला जे पोर्तुगीज नाव होते त्याचा अर्थ लक्षात घेतला की कोडे उलगडू लागते. ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन’ असा त्याचा आशय होता. ‘पुराण’ हे नाव शीर्षक म्हणून पुढे रूढ झाले. विवेचन आगमनाचे, आणि त्याचे भाग दोन. पहिल्या भागात कोणी येत नाही, केवळ वाट पाहिली जाते. परंतु फादर स्टीफन्स यांच्या लेखी तोही आगमनाचाच भाग होता.

असे त्यांनी का केले असावे? केवळ बायबलचा क्रम तसा आहे म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही. बायबलमध्ये जुना करार आधी आहे हे खरेच. पण प्रत्येक मिशनरी तेथून आरंभ करीत नसे. श्रद्धांगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, संस्कार, या क्रमाने पाठ करून घेण्याची रीत त्या काळी सर्वत्र होती. स्वतः स्टीफन्स यांनीही मार्कुश जोर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीच्या आधारे कोंकणीत ‘दौत्रीन क्रिस्तां’ रचली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, छापली गेली. प्रश्नोत्तरीची पद्धत त्यांना वर्ज्य नव्हती. मात्र तीत प्रश्नही गुरूचा आणि उत्तरही गुरूचेच असते. शिष्याने फक्त पाठ म्हणायचे. शिष्याच्या मनात तो प्रश्न कधी उठला होता काय, हे कोणी विचारीत नाही. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही याहून फार निराळे चालते असे नाही. दृढीकरणाच्या तयारीला बसलेली मुले न पडलेल्या प्रश्नांची उत्तरे किती बिनचूक देतात, हे आपण पाहतोच.

स्टीफन्स यांना या उणिवेची जाणीव कोठून झाली, हे समजण्यासाठी ते ज्या भूमीत वावरले तिचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

ही भूमी म्हणजे गोव्यातील सासष्टी. वसई-मुंबईकडील वाचकांनी आपल्या साष्टी बेटाशी तिचा घोटाळा करू नये; पोर्तुगीज कागदपत्रांत दोहोंचे नाव सारखेच लिहिलेले असल्याने अभ्यासकही कधीकधी फसतात. १५४३ साली सासष्टी आणि बारदेश हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. १५६० पासून सासष्टी येशूसंघीयांकडे सोपविण्यात आली. १५६७ साली तेथील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली. त्याच वर्षी गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदूंच्या धर्माचारांवर आणि धर्मग्रंथांवर कडक निर्बंध सुचविले व राजसत्तेने ते अमलात आणले. हे आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासातील पान आहे आणि ते उलटून पुढे जाण्यात अर्थ नाही. गावातील देऊळ गेले, देवळापुढचा उत्सव गेला, पोथी गेली आणि संध्याकाळी पोथी ऐकायला जमणारी माणसेही पांगली. त्यांपैकी पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला; कोणी श्रद्धेने, कोणी जमिनीसाठी, कोणी भीतीने, तर कोणी शेजाऱ्याने घेतला म्हणून. अशा माणसाच्या आयुष्यात एक मोठी पोकळी उत्पन्न झाली होती. परंतु पोकळी म्हणजे आध्यात्मिक तहान नव्हे. एखाद्याच्या हातातील तांब्या हिसकावून घेतल्याने त्याला आपल्या विहिरीचे पाणी हवेसे वाटू लागते, असे मानणे हा त्या काळच्या राज्यकर्त्यांचा भ्रम होता. दुर्दैवाने काही धर्माधिकाऱ्यांनाही तो होता.

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी स्टीफन्स गोव्याच्या किनाऱ्याला लागले ते या पार्श्वभूमीवर. ते स्वतः ज्या देशातून आले होते तेथेही धर्म हा राजाज्ञेचा विषय झाला होता, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे. त्यांचा जन्म १५४९ चा, विल्टशरमधील बुश्टन गावचा. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथोलिक उपासना हा गुन्हा ठरला होता. ज्या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत स्टीफन्स यांनी केला होता तो मित्र, थॉमस पाउंड, पकडला गेला आणि त्याने आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगांत काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. हुकमाने माणसाला प्रार्थनामंदिरात आणून बसविता येते, पण त्याचे अंतःकरण त्याच्यामागून येईलच असे नाही, हे त्यांनी स्वतःच्या देशात पाहिले होते. हा अनुभव त्यांनी सासष्टीच्या परिस्थितीशी ताडून पाहिला असेल काय? त्यांनी तसे लिहून ठेवलेले नाही. पण ग्रंथाची रचना पाहता मला तरी ते शक्य वाटते.

गोव्यात येऊन चार वर्षे होत नाहीत तोच, जुलै १५८३ मध्ये, कुंकळ्ळीची घटना घडली. रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सहकारी यांना तेथील गावकऱ्यांनी ठार केले. त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती प्रापंचिकही मारले गेले. मृतदेह मिळवून त्यांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. या पाच व्रतस्थांना पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली धन्यवादित घोषित केले, आणि आपण त्यांचे स्मरण आदराने करतो. परंतु या कथेचा उत्तरार्धही आहे. त्यानंतर बोलणी करण्यासाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविलेल्या कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ठार केले. कुंकळ्ळीत त्यांचेही स्मारक आहे. या दोन्ही मृत्यूंच्या मध्ये उभे राहून स्टीफन्स यांना पुढची पस्तीस वर्षे त्याच सासष्टीत, त्याच लोकांमध्ये, शुभवर्तमान सांगावयाचे होते.

त्यांनी प्रथम काय केले? ते भाषा शिकले. ऑक्टोबर १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावाला जे पत्र लिहिले त्यात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण आहे. भाषाशास्त्राचे अभ्यासक ते अजून आदराने उल्लेखितात. पण भाषा शिकणे म्हणजे केवळ व्याकरण शिकणे नव्हे. हे लोक काय ऐकत आले, कोणत्या कथेने त्यांचे डोळे भरून येतात, कोणत्या चालीवर त्यांची मान डोलते, हे त्यांनी जाणून घेतले. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारताच्या मराठी-कोंकणी कथांची रोमन लिपीत उतरविलेली जुनी हस्तलिखिते आहेत. मिशनऱ्यांनी ती कशासाठी उतरवून घेतली? खंडन करण्यासाठी, हे एक उत्तर. परंतु खंडनासाठी वाचता वाचता कानाला ओवीची सवय लागते, हेही खरे. १५७९ मध्ये आलेल्या माणसाचा ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. बोलण्याआधी सदतीस वर्षे त्याने ऐकण्यात आणि शिकण्यात घालविली होती.

आता ग्रंथाच्या आरंभीचा तो प्रसंग पाहू. सासष्टीत पाद्री-गुरू ख्रिस्ती शिकवण देत आहेत. ऐकणाऱ्यांत एक ब्राह्मण आहे; तो ख्रिस्ती झालेला आहे. तो उठून आदराने विनंती करतो. तिचा मथितार्थ असा, की आपण आम्हांला शिकवण दिली हे चांगलेच. पण आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केली, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? काळ घालविण्यास, मन रमविण्यास आम्हांजवळ काही नाही. हा प्रसंग घडला तसाच टिपला आहे, की पुराणाच्या रीतीप्रमाणे श्रोता-वक्ता उभे करण्यासाठी रचला आहे, याचा निर्णय करण्याची गरज नाही. तो ग्रंथाच्या दाराशीच ठेवलेला आहे, हे महत्त्वाचे.

या विनंतीकडे जरा बारकाईने पाहावे. बोलणारा माणूस बाप्तिस्मा घेतलेला आहे. शिकवण त्याला मिळालेली आहे. कदाचित पाठही असेल. तो तारणाची मागणी करीत नाही. आपण पापी आहोत, आपल्याला तारणारा हवा, असे तो म्हणत नाही. त्याला गोष्ट हवी आहे. एखाद्या कडक शिस्तीच्या धर्मगुरूने त्याला तेथेच फटकारले असते, की बाबा रे, धर्म म्हणजे करमणूक नव्हे. स्टीफन्स यांनी तसे केले नाही. त्या माणसाने जे मागितले तेच त्यांनी द्यायचे ठरविले. आणि देताना त्याने न मागितलेल्या गोष्टीची ओढ त्याच्या ठायी निर्माण व्हावी अशा बेताने दिले. पहिले पुराण हा तो बेत.

ख्रिस्तसभेच्या परंपरेत याला आधार आहे. सुमारे इ. स. ४०० च्या काळात कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या उपगुरूने संत ऑगस्टीनकडे तक्रार केली की, नवख्यांना शिकविताना माझे बोलणे मलाच कंटाळवाणे वाटते, मी काय करू? उत्तरादाखल संत ऑगस्टीन यांनी एक छोटा ग्रंथच लिहिला. त्यात ते सुचवितात की, आलेल्या माणसाला प्रथम विचारावे, तू का आलास? त्याचा हेतू लाभाचा किंवा भीतीचा असला तरी त्याला परत पाठवू नये. त्याने सांगितलेल्या कारणापासूनच बोलणे सुरू करावे. आणि मग उत्पत्तीपासून ख्रिस्तसभेच्या वर्तमान काळापर्यंतची कथा सांगावी. सगळे काही घाईघाईने सांगून टाकू नये. ज्या प्रसंगांत देवाचे प्रेम दिसते तेथे थांबावे, बाकीच्यांवरून झरझर जावे. याच्याही मागे जायचे तर अम्माऊसच्या वाटेवर स्वतः प्रभूने तेच केले होते. दोन शिष्यांना त्याने आधी त्यांचे दुःख बोलू दिले, माहीत असूनही विचारले, आणि नंतर मोशे व संदेष्टे यांच्यापासून आरंभ केला. ओळख पटली ती पुष्कळ उशिरा, भाकर मोडताना.

पहिल्या पुराणातील कथा बायबलच्याच आहेत, परंतु त्या एकामागून एक ऐकताना श्रोत्यावर जो परिणाम होतो तो पाहण्यासारखा आहे. माणूस देवाच्या जवळ असतो आणि ते जवळपण गमावतो. मग तो ते परत मिळविण्याचा प्रयत्न करतो आणि प्रत्येक वेळी प्रयत्न तोकडा पडतो. जलप्रलयाने दुष्ट नाहीसे होतात. पण नोहाच्या वंशजांबरोबर दुष्टपणाही तारवातून बाहेर येतो. नियमशास्त्र मिळते, ते मिळत असतानाच डोंगराच्या पायथ्याशी सोन्याचे वासरू ओतले जाते. राजा मिळतो, दावीदासारखा देवाच्या मर्जीतला राजाही पापात पडतो. मंदिर बांधले जाते. ते जाळले जाते. संदेष्टे येऊन सांगतात, येणारा येईल. छत्तीस अवस्वर हे ऐकत बसलेल्या माणसाच्या मनात, कोणीही न सांगता, एक प्रश्न उठू लागतो. तो कधी येणार? हा प्रश्न विचारणारा माणूस आता इस्राएलच्या इतिहासाबद्दल बोलत नसतो. जलप्रलय, सोन्याचे वासरू आणि पडलेले मंदिर यांत त्याने स्वतःला कोठेतरी पाहिलेले असते.

पडलेले मंदिर! येरुशलेमच्या मंदिराचा नाश ऐकताना सासष्टीच्या त्या श्रोत्यांना काय वाटले असेल? ज्यांच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत गावचे देऊळ पाडले गेले होते त्यांना ही कथा परक्यांची वाटली नसावी. स्टीफन्स यांनी हा धागा जाणीवपूर्वक विणला असे मी म्हणणार नाही. ते त्यांच्या काळाचे मिशनरी होते आणि मूर्तिपूजेविरुद्ध त्यांनी वापरलेले शब्द आज वाचताना टोचतात. माझ्या मते ग्रंथातील सर्वांत निःसत्त्व भाग तोच आहे. तेथे पुराणिकाचा आवाज चढतो आणि श्रोता मनाने मागे सरकतो. उलट आदामाचे वैभव आणि त्याची हानी सांगताना, किंवा पुत्रशोक करणाऱ्या पित्याची कथा सांगताना तोच आवाज मृदू होतो. या पुराणात श्रोते गप्प बसत नाहीत, मध्येच शंका काढतात, आणि गुरू थांबून त्यांचे समाधान करतो. दौत्रिनीत जे शक्य नव्हते ते येथे शक्य झाले. प्रश्न आता श्रोत्याच्या मुखातून येतो.

याच हेतूने त्यांनी शब्दही निवडले. स्वर्गासाठी वैकुंठ, तारण्यासाठी मोक्ष आणि मुक्ती, देवासाठी परमेश्वर. या शब्दांमागे शेकडो वर्षांची आर्त हाक होती. सासष्टीपासून काही अंतरावर, घाटापलीकडे पैठणला, त्याच काळात संत एकनाथ महाराज ओवीतून भागवताचा अर्थ सांगत होते. त्यांचा देह १५९९ साली पडला. मोक्षाची ओढ मराठी मनाला कोणा पाद्र्याने शिकवावी लागली नव्हती. ती येथे होतीच. स्टीफन्स यांनी ती ओळखली आणि तिच्याच भाषेत ख्रिस्ताची वाट पाहावयास बसविले. ओवी छंद म्हणून नुसता वरून चढविलेला साज असता तर अकरा हजारांच्या घरातील ओव्या लोकांनी कशाला ऐकल्या असत्या? त्यांची इच्छा ग्रंथ येथल्याच लिपीत छापावा अशी होती. १६०८ साली त्यांनी रोमला येशूसंघाच्या श्रेष्ठींना लिहून तशी परवानगी मागितली होती. ते जमले नाही. ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला.

दुसरे पुराण आपल्या परिचयाचे आहे; येशूचे जीवन, दुःखसहन, पुनरुत्थान. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे इतकेच सांगायचे, की ते उघडते तेव्हा श्रोता तयार झालेला असतो. पवित्र मरियेकडे देवदूत येतो ही वार्ता त्याला नुसती वार्ता राहत नाही.

हा ग्रंथ सासष्टीच्या चर्चमध्ये रविवारी आणि सणांच्या दिवशी मिस्सानंतर वाचला जाई. १६१९ साली स्टीफन्स निवर्तले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुढच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला, आणि ज्या भाषेत वाट पाहायला शिकविले ती भाषाच संशयित ठरली. पुन्हा एकदा पोथी काढून घेण्यात आली म्हणावे, तर तसे पूर्णपणे घडले नाही. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती बरोबर नेली. टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना १७८४ साली श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले तेव्हा या ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी त्या समाजात परंपरागत समजूत आहे.

तिन्ही जुन्या आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. जे उरले ते हातांनी नकलून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्या प्रतींच्या आधारे जोसेफ साल्दान्हा यांनी १९०७ साली मंगळुरात रोमन लिपीतील आवृत्ती काढली. लंडनच्या मार्सडन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित मिळाले. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी पुष्कळदा संस्कृत वळणाचे शब्द आहेत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून १९५६ साली आली, आणि फादर कॅरिदाद द्रागो यांची, आजच्या मराठीतील अर्थासह, १९९६ साली मुंबईहून.

ती घरी असेल तर एक करून पाहता येईल. आगमनकाळ चार आठवड्यांचा. तेवढ्यात पहिले पुराण मावत नाही. मात्र १९ नोव्हेंबरला रात्रीच्या रोजरीनंतर पहिला अवस्वर वाचावयास घेतला आणि रोज एक याप्रमाणे चालू ठेवले, तर छत्तिसावा अवस्वर २४ डिसेंबरला, मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्याआधी, संपतो.